नोटिशीनंतरचे घर : चेन्नईतल्या धोकादायक भिंती आणि त्यांच्याआड राहणारी माणसे

इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर चढवलेले आवरण ऊन-पाऊस अडवते आणि इमारतीला रूप देते. हे आवरण कधी साध्या सिमेंटच्या गिलाव्याचे असते, कधी दगडी लाद्यांचे, कधी काचेचे, तर कधी ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा थर दाबून बनवलेल्या तक्त्यांचे. अशा चढवलेल्या आवरणाला बांधकामाच्या धंद्यात क्लॅडिंग म्हणतात. घर घेताना माणूस फरशी पाहतो, नळ सोडून पाहतो, खिडकीतून वारा येतो का ते पाहतो. बाहेरच्या भिंतीत काय भरले आहे ते मात्र बांधणाऱ्याला ठाऊक असते आणि मंजुरी देणाऱ्याला ठाऊक असायला हवे. म्हणून हे आवरण जीवघेणे निघाले तर तिथे राहणाऱ्यांना सांभाळण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न शेवटी स्थानिक प्रशासनाच्या दारात येतो.

१४ जून २०१७च्या पहाटे लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली आणि हा प्रश्न जगभर पोहोचला. चोवीस मजल्यांची ती इमारत केन्सिंग्टन आणि चेल्सी परगण्याच्या नगर परिषदेच्या मालकीची होती. तिच्या नूतनीकरणात बाहेरून पॉलिथिलीनचा गाभा असलेले ॲल्युमिनियमचे तक्ते बसवले होते. चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात लागलेली आग खिडकीतून बाहेरच्या तक्त्यांना भिडली, तक्ते आणि भिंत यांमधल्या पोकळीतून वर चढली आणि ७२ माणसे मृत्युमुखी पडली. वाचलेल्यांना हॉटेलांत ठेवण्यात आले. परिषदेने पुनर्वसनासाठी तीनशेच्या आसपास घरे विकत घेतली, तरी वर्षभरानंतरही अनेक कुटुंबे तात्पुरत्या निवाऱ्यातच होती. पुढे अशाच तक्त्यांच्या शेकडो इमारती सापडल्या. तिथे रात्रंदिवस गस्त घालणारे पहारेकरी नेमावे लागले आणि त्या पहाऱ्याचा खर्च सुरुवातीला घरमालकांच्याच अंगावर पडला. २०२२च्या इमारत सुरक्षा कायद्याने ११ मीटर किंवा त्याहून उंच इमारतींतल्या पात्र घरमालकांची क्लॅडिंग बदलण्याच्या खर्चातून सुटका केली. तोवर पाच वर्षे गेली होती आणि त्या काळात हजारो कुटुंबांना घर विकताही येत नव्हते, सोडताही येत नव्हते.

चेन्नईचे चित्र वेगळे आहे. तिथे प्लास्टिकच्या गाभ्याचे तक्ते आणि काचेचे पडदे मुख्यतः दुकानांच्या, दवाखान्यांच्या आणि कार्यालयांच्या दर्शनी भागावर दिसतात. राहत्या घरांना धोका असतो तो त्याहून साध्या आवरणाचा, म्हणजे गिलाव्याचा आणि सळईवरच्या काँक्रीटच्या थराचा. तक्ता पेटतो, गिलावा कोसळतो. नुकसान निराळे, पण त्यानंतर रहिवाशावर येणारी वेळ सारखीच: घर रिकामे करा, कुठे जायचे ते नंतर पाहू.

बंद दर्शनी भाग आगीत काय करतो, हे चेन्नईने ३१ मे २०१७ रोजी पाहिले. टी. नगरच्या दक्षिण उस्मान रोडवर ‘चेन्नई सिल्क्स’ या कापड दुकानाची सात मजली इमारत पहाटे पेटली. ग्रेनफेलला अजून दोन आठवडे होते. सगळीकडून झाकलेल्या त्या इमारतीत धूर बाहेर पडायला आणि पाणी आत जायला पुरेशा वाटाच नव्हत्या. आत कपड्यांचे ढीग होते. आग दुसऱ्या दिवशीही धुमसत राहिली, उष्णतेने काँक्रीट खचले आणि १ जूनच्या पहाटे इमारतीचा एक भाग कोसळला. उरलेली इमारत यंत्राने पाडावी लागली. त्या पाडकामात यंत्र चालवणाऱ्या एका कामगाराचा जीव गेला. मंजुरीपेक्षा जास्त मजले चढवलेले होते, हेही त्याच वेळी चर्चेत आले. टी. नगरमध्ये ते गुपित नव्हते. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून तमिळनाडूत दंड भरून अनधिकृत मजले नियमित करून घेण्याच्या तरतुदी आल्या, त्यांवर न्यायालयात वर्षानुवर्षे वाद चालले आणि तोवर इमारती उभ्याच राहिल्या.

उस्मान रोडच्या मागच्या गल्ल्यांत दाट वस्ती आहे. तिथल्या लोकांना घरे सोडून बाहेर काढले गेले, दुकाने बंद ठेवली गेली, उड्डाणपुलावरची वाहतूक थांबवली गेली. पाडकामाचा खर्च मालकाकडून वसूल करण्याचे सरकारने जाहीर केले. पण ज्या शेजाऱ्यांचे आपल्या दोषावाचून घर सुटले आणि रोजगार बुडाला, त्यांना ठरलेल्या दराने भरपाई देणारा नियम अस्तित्वात नव्हता. जे मिळाले ते त्या वेळच्या सोयीनुसार.

राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६च्या आवृत्तीत काचेच्या दर्शनी भागासाठी स्पष्ट अपेक्षा आहेत. प्रत्येक मजल्यावर उघडता येणारी तावदाने हवीत, त्यांच्यामधले अंतर १० मीटरहून जास्त नसावे, आणि मजल्याची कडा व काच यांतली फट आगीला दाद न देणाऱ्या पदार्थाने बुजवलेली हवी. मुंबईत जुलै २०१४मध्ये अंधेरीच्या लोटस बिझनेस पार्कच्या आगीत अग्निशमन दलाच्या एका जवानाचा मृत्यू झाला, तेव्हा काचेच्या बंद भिंतींचा धोका मराठी वाचकांच्याही समोर आला होता. संहिता मात्र नमुना म्हणून असते. राज्याने ती आपल्या बांधकाम नियमांत आणली तरच ती बांधते, आणि नियमांत आणली तरी आधीच उभ्या असलेल्या इमारतींची तपासणी कोणी करायची हा प्रश्न उरतोच.

चेन्नईत तो विशेष अवघड होतो, कारण तिथे अधिकार विखुरलेले आहेत. मुंबईत अग्निशमन दल महापालिकेचे आहे. चेन्नईत ते राज्य सरकारचे आहे. मोठ्या इमारतींच्या आराखड्यांना परवानगी देते चेन्नई महानगर विकास प्राधिकरण. गरीब वस्त्यांतल्या सदनिका बांधते आणि सांभाळते राज्याचे गृहनिर्माण मंडळ. पाणी आणि सांडपाणी आणखी एका मंडळाकडे. १६८८मध्ये स्थापन झालेली, देशातली सर्वांत जुनी असलेली चेन्नई महानगरपालिका या सगळ्यांच्या मधोमध उभी आहे. शाळा, समाजमंदिरे, दवाखाने, ‘अम्मा उणवगम’ची स्वस्त भोजनालये आणि १९१३ हा तक्रारींचा दूरध्वनी तिच्याकडे आहे. म्हणजे संकटाच्या रात्री लागणाऱ्या बहुतेक गोष्टी तिच्या हातात आहेत, आणि संकट टाळण्यासाठी लागणाऱ्या बहुतेक गोष्टी दुसऱ्यांच्या.

धोकादायक बांधकामाबाबत मात्र पालिकेचा अधिकार जुना आहे. १९१९च्या महापालिका कायद्याच्या कलम २५८नुसार, पडण्याच्या बेतात असलेली इमारत दुरुस्त करायला, आधार द्यायला किंवा पाडायला मालकाला नोटीस देता येत असे. आता त्या कायद्याच्या जागी राज्यातल्या सगळ्या शहरांसाठी १९९८चा नागरी स्थानिक संस्था कायदा एप्रिल २०२३पासून प्रत्यक्ष लागू झाला आहे. मुंबईकरांना असाच अधिकार कलम ३५४ या आकड्याने माहीत असतो. दोन्हीकडच्या तरतुदींचा रोख एकच: माणसे ढिगाऱ्याखाली सापडू नयेत म्हणून इमारत रिकामी करून घेणे. तो योग्यच आहे. परंतु नोटीस मालकाच्या नावाने निघते आणि झळ बसते राहणाऱ्याला. रिकाम्या केलेल्या घराचे भाडे, मुलांची शाळा, परत येण्याचा हक्क यांबद्दल ती गप्प असते. नोटिशीला आधार म्हणता येत नाही. आधार नोटिशीनंतर सुरू व्हायला हवा, आणि चेन्नईत तो सुरू होतो की नाही हे बहुतेक वेळा घर कोणाच्या मालकीचे आहे यावर ठरते.

चेन्नईतली सर्वांत मोठी मालक-संस्था म्हणजे झोपडपट्टी निर्मूलन मंडळ. एम. करुणानिधी मुख्यमंत्री असताना १९७०मध्ये ते स्थापन झाले, १९७१मध्ये कायदा झाला, आणि मरिना किनाऱ्यालगतच्या नोच्चिकुप्पमसारख्या कोळीवस्त्यांपासून कूवम नदीकाठापर्यंत ठिकठिकाणी तीन-चार मजली सदनिका उभ्या राहिल्या. जिथे झोपडी होती तिथेच पक्के घर, हे त्या काळाचे धोरण होते आणि ते मोलाचे होते. २०००नंतर धोरण पालटले. कण्णगी नगर, सेम्मंजेरी, पेरुंबाक्कम अशा शहराच्या दक्षिण टोकाच्या वसाहतींत हजारो कुटुंबे पाठवण्यात आली, कामाच्या ठिकाणापासून वीस-पंचवीस किलोमीटर दूर. २०२१मध्ये मंडळाचे नाव तमिळनाडू नागरी अधिवास विकास मंडळ असे झाले.

जुन्या सदनिकांचे दुखणे समुद्राशी जोडलेले आहे. खारा दमट वारा काँक्रीटमध्ये क्षार नेतो. क्षार सळईपर्यंत पोहोचले की ती गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. त्या फुगवट्याने वरचा काँक्रीटचा थर आतून ढकलला जातो, आधी केसासारखी भेग पडते, मग पापुद्रा सुटतो, मग सज्जाचा तुकडा खाली येतो. सळईवरचा थर बांधतानाच पातळ ठेवला असेल, वाळू खारी असेल किंवा सिमेंट कमी घातले असेल, तर हेच चक्र कितीतरी लवकर फिरते. गिलावा पडणे म्हणजे रंगरंगोटीचा प्रश्न असे समजून वरून लिंपण करणे हा घात आहे, कारण लिंपणाखाली सळई गंजतच राहते. मुंबईच्या किनाऱ्यावरच्या जुन्या इमारतींत राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

पुलियन्तोपचे केशव पिल्लै पार्क, म्हणजेच के. पी. पार्क, हे या दुखण्याचे दुसरे टोक. तिथल्या जुन्या सदनिका पाडून मंडळाने नऊ मजली इमारती बांधल्या, दोन टप्प्यांत मिळून १,९२० घरे. कोविडच्या साथीत त्या इमारती रुग्णांसाठी वापरल्या गेल्या. मग कुटुंबे राहायला आली, आणि ऑगस्ट २०२१मध्ये रहिवाशांनी बोटाने खरवडून भिंतीचा गिलावा पाडून दाखवला. इमारत जुनी नव्हती, समुद्राने तिला अजून हातही लावला नव्हता. दोष कामाचाच होता. ती दृश्ये राज्यभर पोहोचली, विधानसभेत विषय निघाला, मंडळाचे दोन अभियंते निलंबित झाले आणि आयआयटी मद्रासच्या नागरीकरण व इमारतींविषयीच्या ‘क्यूब’ या केंद्राकडे तपासणी सोपवली गेली. गिलावा निकृष्ट असल्याचे तपासणीतून पुढे आले आणि तो पुन्हा करून घेण्याचे काम कंत्राटदारावर आले.

दुरुस्ती सुरू असताना कुटुंबे त्याच घरांत राहत होती. ज्या भिंतीवर हातोडा चालतो आहे तिच्याच आत स्वयंपाक करायचा, मुलाला निजवायचे, नवव्या मजल्यावरून लिफ्टची वाट पाहायची. मंडळ इथे बांधणारे, मालक आणि दोष शोधणारे असे तिन्ही होते. तपासणी बाहेरच्या संस्थेकडे गेली ती रहिवाशांनी आवाज उठवल्यावर. घराचा ताबा देण्याआधी अशी तपासणी सक्तीची असती, तर १,९२० घरांतल्या एकाही माणसाला भिंत खरवडून दाखवावी लागली नसती. पुढे मंडळाच्या इतर बांधकामांतही बाहेरच्या तज्ज्ञांची तपासणी आणली गेली, हे त्या रहिवाशांचे श्रेय आहे.

चार महिन्यांनी तिरुवोट्रियूरला भिंत बोटाने नव्हे, आपोआप पडली. उत्तर चेन्नईतला हा किनारी भाग २०११मध्ये महापालिकेत विलीन झाला होता. तिथल्या अरिवाक्कुळम परिसरात मंडळाच्या १९९३च्या सुमाराच्या ३३६ सदनिका होत्या. २६ डिसेंबर २०२१च्या रात्री एका इमारतीच्या भेगा रुंदावताना दिसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी रहिवाशांना बाहेर काढण्यात आले आणि त्यानंतर थोड्याच वेळात २४ घरांची ती इमारत धूळ उडवीत खाली बसली. कोणीही दगावले नाही. घरातले सामान, कागदपत्रे, मुलांची दप्तरे मात्र ढिगाऱ्यात गेली. मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी प्रत्येक कुटुंबाला १ लाख रुपये आणि पर्यायी घर जाहीर केले.

ती माणसे वाचली ती शेजाऱ्यांच्या आणि स्थानिक कार्यकर्त्यांच्या सावधपणामुळे. त्या वेळी चेन्नईत एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता. ऑक्टोबर २०१६मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली आणि निवडणूक झाली ती थेट १९ फेब्रुवारी २०२२ला. पाच वर्षांहून अधिक काळ शहर प्रशासकाच्या हाती होते. के. पी. पार्क आणि तिरुवोट्रियूर या दोन्ही घटना त्याच काळातल्या. प्रभागातला नगरसेवक भिंत उभारत नाही, पण भेग पडल्याचे आधी त्याच्या कानावर जाते आणि ते कोणत्या टेबलावर पोहोचवायचे हे त्याला कळते. २०० प्रभागांच्या शहरात हा दुवाच नव्हता, तेव्हा रहिवाशांना समाजमाध्यमांवर दृश्ये टाकावी लागली, यात आश्चर्य नाही. मार्च २०२२मध्ये आर. प्रिया महापौर झाल्या. त्या पदावर आलेल्या पहिल्या दलित स्त्री.

तिरुवोट्रियूरनंतर मंडळाच्या जुन्या इमारतींची पाहणी झाली आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांचा आकडा २० हजारांवर गेला. ती टप्प्याटप्प्याने पाडून नवी बांधायची असे ठरले. घर रिकामे करणाऱ्या कुटुंबाला पूर्वी ८ हजार रुपये स्थलांतर भत्ता मिळत असे, तो २४ हजार करण्यात आला. तिप्पट वाढ दिसायला मोठी आहे. बांधकामाला दोन वर्षे धरली तर महिन्याला १ हजार रुपये पडतात, आणि चेन्नईच्या मध्यवस्तीत त्या पैशात एक खोलीही मिळत नाही. बांधकाम लांबले तर तेवढेच पैसे अधिक महिन्यांत वाटले जातात. उरलेले भाडे घरकाम करणारी बाई, मासे विकणारी बाई, रिक्षा चालवणारा गडी आपल्या कमाईतून भरतो. म्हणजे सरकारी इमारत सुरक्षित करण्याच्या खर्चाचा एक वाटा सर्वांत कमी मिळकतीची माणसे उचलतात. लंडनच्या पहारेकऱ्यांच्या बिलाची आठवण इथे येते.

पैशाहून मोठी भीती परतण्याची असते. एकदा घर सोडले की पेरुंबाक्कमला पाठवतील, ही शंका वस्तीवस्तीत ऐकू येते, आणि ती निराधार नाही. दोन दशके हजारो कुटुंबांच्या बाबतीत तेच घडले आहे. त्यामुळे सज्जा गळून पडत असतानाही लोक घर सोडत नाहीत. अधिकाऱ्यांना तो हट्ट वाटतो. वास्तविक ज्या कुटुंबाचे पोट शहराच्या मध्यावरच्या चार घरांच्या कामावर चालते, त्याने पडक्या भिंतीचा धोका आणि रोजगार गमावण्याचा धोका शेजारी ठेवून केलेली ती निवड असते. त्याच जागी, अमुक तारखेच्या आत घर मिळेल असे लेखी आश्वासन आणि तोवरचे खरे भाडे हातात दिले, तर इमारती आजच्यापेक्षा लवकर रिकाम्या होतील.

ज्यांना मंडळाचे वाटपपत्र नाही ते या हिशेबात कुठेच नाहीत. पुष्कळ सदनिकांत मूळ लाभार्थी राहत नाही, भाडेकरू राहतो. भत्ता आणि नवे घर वाटपपत्राच्या मागे जाते. अंगठ्याचा ठसा जुळला तर नाव यादीत येते. वीस वर्षे भाडे भरून राहिलेले कुटुंब पाडकामाच्या दिवशी फक्त रिकामे करून देण्यापुरते रहिवासी ठरते.

खासगी इमारतीत तर पर्यायी घर जाहीर करायलाही कोणी मंत्री येत नाही. २८ जून २०१४च्या संध्याकाळी पोरूरजवळच्या मौलिवाक्कम येथे बांधकाम सुरू असलेली अकरा मजली इमारत पावसात कोसळली आणि ६१ जण ठार झाले, त्यांत बहुतेक बांधकाम मजूर होते. गाव महापालिकेच्या हद्दीबाहेर होते. आराखड्याला परवानगी महानगर विकास प्राधिकरणाची होती. निवृत्त न्यायमूर्ती आर. रघुपती यांच्या आयोगाने चौकशी केली. शेजारची जुळी इमारत तशीच उभी होती, तिच्याकडे पाहत भोवतालची घरे दोन वर्षे राहिली. अखेर २ नोव्हेंबर २०१६ रोजी आसपासच्या रहिवाशांना हलवून ती स्फोटकांनी पाडण्यात आली. काही सेकंदांचे ते काम पाहायला गर्दी जमली होती. त्या इमारतींत घरासाठी पैसे भरलेल्यांना मात्र आपली रक्कम मिळवण्यासाठी न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

मुंबईत यासाठी वेगळी वाट काढली गेली. १९६९च्या कायद्याने जुन्या इमारतींसाठी दुरुस्ती मंडळ झाले, १९ हजारांहून अधिक इमारतींवर दुरुस्ती उपकर लावला गेला आणि रिकाम्या केलेल्या इमारतीतल्या भाडेकरूला संक्रमण शिबिरात जागा देण्याची यंत्रणा उभी राहिली. तिचे दोष मराठी वाचक चांगले ओळखून आहेत: शिबिरात तात्पुरते गेलेले लोक तिथेच म्हातारे झाले. पालिकेचे मालकपण पुरेसे नसते हेही मुंबईनेच पाहिले. २७ सप्टेंबर २०१३ला डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मंडईची इमारत पडली, ती महापालिकेच्याच मालकीची होती आणि तिच्यात पालिकेचे कर्मचारी राहत होते. तिथेही ६१ माणसे गेली. तरीही या यंत्रणेत एक गोष्ट आहे जी चेन्नईत नाही: भाडेकरूला, तो मालक नसला तरी, पर्यायी जागेचा कायद्याने हक्क. दोष अंमलबजावणीत आहे, हक्क मान्य आहे, आणि हक्क मान्य असला की त्यासाठी भांडता येते.

तमिळनाडूत २०१६च्या केंद्रीय स्थावर संपदा कायद्यानुसार, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दिसला तर तो विकासकाने ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा आहे. खाऱ्या हवेत गंजाचे परिणाम बहुधा पाच वर्षांनंतर दिसू लागतात, त्यामुळे हे संरक्षण नेमके गरजेच्या वेळी संपते. जुन्या सदनिकांसाठी २०२२चा अपार्टमेंट मालकी कायदा २०२४मध्ये अमलात आला. आधीच्या १९९४च्या कायद्याखाली पुनर्विकासाला प्रत्यक्षात सर्वांची संमती लागत असे, एक मालक अडून बसला की इमारत खितपत पडे. आता दोन तृतीयांश मालकांची संमती पुरते. १९८०-९०च्या दशकांत अण्णा नगर, अडयार, टी. नगर भागांत बांधलेल्या शेकडो छोट्या इमारतींना यामुळे वाट मिळाली. बांधकामाच्या काळातले भाडे किती आणि कोणी द्यायचे, हे मालक आणि विकासक आपसातल्या करारात ठरवतात. जिथे जमिनीला भाव आहे तिथे विकासक भाडे देतो. उत्तर चेन्नईत, जिथे जादा मजले विकून फारसे काही सुटत नाही, तिथे विकासकच येत नाही. संमती मोजली जाते ती मालकांची. त्या घरांत भाड्याने राहणाऱ्यांची या कायद्यात मोजणी होत नाही.